घराचा करारनामा वाचताना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय दिला होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपलं भविष्य’. कॉम्प्युटरवाली म्हटलं की हाच विषय वाट्याला येतो. मी म्हटलं, भविष्याचं मला काही सांगता यायचं नाही, पण आपल्या ग्रुपवर गेल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त बोलणं कशावर झालं ते बघा. वाढदिवसाच्या शुभेच्छा सोडल्या तर रिडेव्हलपमेंटवर. कुणाच्या आईवडिलांची इमारत, कुणाच्या सासूबाईंची, कुणाची स्वतःची. आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, ‘तुमच्याकडे किती टक्के जादा देतायत?’ करारात काय लिहिलंय असं कुणीच कुणाला विचारलं नाही. म्हणून मी विषय बदलून मागितला. विषय रूक्ष आहे, जेवणाच्या आधी आहे, त्यामुळे सर, आधीच माफी मागते.

आपल्या गावात हा प्रश्न आत्ताच का आला, ते आधी सांगते. आपण प्राथमिक शाळेत होतो तेव्हा कुळगावात तळमजला अधिक तीन मजले म्हणजे मोठी इमारत. लिफ्ट नाही, गच्चीवर पाण्याची टाकी, जिन्यात सायकली. डोंबिवलीत परवडत नाही म्हणून लोक पुढच्या स्टेशनांवर येत गेले. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतले, केमिकल कंपन्यांतले, आणि पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणारे. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. त्या वाढीतली पहिली खेप, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या शेवटच्या आणि नव्वदच्या सुरुवातीच्या इमारती, आता तिशी ओलांडून गेल्यात. सळ्या फुगल्यात, बाल्कनीच्या कडेचं प्लास्टर खाली पडतंय. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींत तीस वर्षांवरच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण दर तीन वर्षांनी करायला सांगितलंय. ते केलं की अहवालात बहुधा नको असलेलं वाक्य येतं आणि मग विकासक येतात.

आमचीही इमारत त्यातलीच. सोळा फ्लॅट. बाबांनी पीएफमधून कर्ज काढून घेतलेलं घर. आणि ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्या मराठीच्या बाई आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्या समोर बसल्यात, त्यामुळे मी आज शुद्धलेखनाला जपून बोलतेय.

विकासकाने आमच्या संस्थेला विकसन करारनाम्याचा मसुदा दिला. ९४ पानं, इंग्रजीत. सभेत अध्यक्षांनी तो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सगळीकडे असाच असतो.’ मी तेव्हा सुट्टीला आले होते. हे वाक्य ऐकून मी तो मसुदा घरी मागून घेतला, कारण बांधकामाचे ‘स्टँडर्ड’ करार खरोखर कसे असतात ते मला थोडंफार माहीत होतं.

कसं माहीत, तर नोकरीमुळे. इंजिनिअरिंग संपल्यावर पहिली काही वर्षं मी ज्या कंपनीत होते ती ठेकेदारांसाठी सॉफ्टवेअर करायची. बिलं, मोजमापं, मुदतवाढीचे अर्ज. सॉफ्टवेअर लिहायचं म्हणजे आधी नियम समजून घ्यायला हवेत, आणि बांधकामात नियम म्हणजे करार. त्यामुळे दोन वर्षं मी कोड कमी लिहिला आणि करार जास्त वाचले. आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे बी-१ आणि बी-२ नमुने. बी-१ मध्ये ठेकेदार खात्याच्या अंदाजपत्रकावर इतके टक्के कमी किंवा जास्त असं सांगतो, बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा वेगळा दर भरतो. मग मोठ्या प्रकल्पांचे फिडिकचे करार. फिडिक ही सल्लागार अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, १९१३ साली स्थापन झालेली. तिचं लाल पुस्तक पहिल्यांदा १९५७ मध्ये निघालं, आणि तेव्हापासून जगभरच्या धरणांचे, पुलांचे, मेट्रोंचे वाद पचवत ते सुधारत आलंय.

हे सगळं वाचताना मला एक गोष्ट कळली, ती आधीच सांगून टाकते. बांधकामाचा करार हा काय बांधायचं ते सांगायला फारसा लिहिलेला नसतो, ते नकाशात असतं. करार लिहिलेला असतो तो गडबड झाली तर काय यासाठी. खणताना कातळ लागला तर? पाऊस लांबला तर? मालकाने नकाशे उशिरा दिले तर? ठेकेदार बुडाला तर? प्रत्येक ‘तर’पुढे एक नाव लिहिलेलं असतं, की हा धोका कुणी सोसायचा. आम्ही प्रोग्रॅममध्येही हेच करतो. सगळं नीट चाललं तर काय होतं हे लिहायला दोन दिवस लागतात, काय काय बिघडू शकतं हे लिहायला दोन महिने.

मोठ्या प्रकल्पांत दोन्ही बाजूंना जाणकार असतात, त्यामुळे त्या ‘तर’ची वाटणी बऱ्यापैकी समतोल झालेली असते. आमच्या इमारतीच्या मसुद्यात ती वाटणी एकाच वकिलाने केली होती, आणि तो आमचा नव्हता. त्याला दोष नाही, तो त्याच्या अशिलाचं काम करत होता. पण या व्यवहारात घर रिकामं करून, पाडायला देऊन, रस्त्यावर उभा राहणारा माणूस एकच आहे, आणि मसुदा न वाचणाराही तोच आहे.

आता मसुद्यात काय होतं ते सांगते. सगळं सांगत नाही, चारपाच जागा.

पहिली जागा मुदतीची. लिहिलं होतं, काम ३६ महिन्यांत पूर्ण होईल, वर सहा महिन्यांची सवलत. सभेत सगळ्यांनी हे वाक्य वाचलेलं होतं आणि सगळे त्यावर खूश होते. पण ३६ महिने मोजायला सुरुवात कधी? त्यासाठी पान १७ वरून पान ६ वरच्या व्याख्येवर जावं लागत होतं. तिथे होतं, ‘सर्व आवश्यक परवानग्या प्राप्त झाल्याच्या दिनांकापासून’. सर्व म्हणजे कुठल्या? यादी नाही. म्हणजे आपण घर रिकामं केलं, इमारत पाडली, तरी एखादी परवानगी बाकी आहे तोवर घड्याळ सुरूच होत नाही. सुरू न झालेल्या घड्याळाला उशीर होत नाही. यावर उपाय अगदी साधा आहे. शेवटच्या सभासदाने किल्ली दिली त्या तारखेपासून घड्याळ सुरू, आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय कुणी किल्ली द्यायची नाही.

घड्याळ थांबतं कधी, हेही तितकंच महत्त्वाचं. मसुद्यात भाडं बंद होणार होतं ‘ताबा घेण्याविषयीचं पत्र दिल्याच्या’ दिवशी. भोगवटा प्रमाणपत्राचा उल्लेख नाही. म्हणजे नळाला पाणी नाही, लिफ्ट चालू नाही, तरी पत्र आलं की भाडं बंद.

मधल्या काळात घड्याळ थांबवणाऱ्या गोष्टींचं वेगळं कलम होतं, दैवी आपत्तीचं. त्यात मी एकोणीस गोष्टी मोजल्या. भूकंप होता, युद्ध होतं, आणि सिमेंटची टंचाई, रेतीची टंचाई, मजुरांची टंचाई, बाजारातली मंदी, शासकीय कार्यालयांतला विलंब हेही होतं. रेतीची टंचाई दैवी कशी? आता याच्याशी रेराचा कायदा ताडून बघा. २०१६ च्या त्या कायद्यात कलम ६ मध्ये प्रकल्पाची मुदत वाढवायला जी कारणं दिलीत ती म्हणजे युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा निसर्गाची दुसरी आपत्ती. मंदी त्यात नाही. जो माणूस त्याच इमारतीतला विक्रीचा फ्लॅट बाहेरून येऊन विकत घेणार, त्याला ही छोटी यादी, आणि ज्याची जमीन आहे त्याला एकोणीस कलमी यादी.

इथे पुराबद्दल थोडं विषयांतर करते, कारण आपण बदलापूरचे आहोत. २६ जुलै २००५ आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले, तेही आपल्या दारातलंच. पूर हे दैवी आपत्तीचं खरं कारण आहे, मान्य. पण उल्हास नदीला पूर येणार हे ज्याला माहीत आहे त्याने जोत्याची उंची, पंपाची आणि विजेच्या मीटरची जागा करारातच लिहायला हवी. पश्चिमेला नदीकडच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर पूररेषेचा नकाशा करारालाच जोडून घ्यावा. ज्या गोष्टीचा अंदाज आधी करता येतो तिला आपत्ती म्हणून सुटता येऊ नये.

दुसरी जागा क्षेत्रफळाची. सगळ्यांचं लक्ष इथेच असतं आणि तरी इथेच घोळ होतो. आपल्या जुन्या करारांत बिल्टअप लिहिलंय, काहींच्या सुपर बिल्टअप. नवं क्षेत्र रेराच्या व्याख्येप्रमाणे चटई क्षेत्रात दिलं जातं. त्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत, पण घरातल्या आतल्या भिंती धरतात. जुन्या घराचं मोजमाप जर भिंत सोडून केलं आणि नव्याचं भिंत धरून, तर वीस मीटर लांबीच्या आणि दहा सेंटिमीटर जाडीच्या आतल्या भिंती म्हणजे दोन चौरस मीटर, साडेएकवीस चौरस फूट. तेवढी आपली ‘जादा जागा’ भिंतीत गेली. म्हणून आम्ही काय केलं, तर संस्थेच्या खर्चाने सोळाही घरं एकाच माणसाकडून, एकाच पद्धतीने मोजून घेतली, आणि ते तक्ते करारालाच जोडायला सांगितले. टक्केवारी लिहायची नाही. प्रत्येक फ्लॅटपुढे चौरस मीटरमध्ये आकडा.

तिसरी जागा अशी, की मला हसावं की रडावं कळेना. सुखसोयींची यादी सात पानांची होती. किचनचा ओटा, बाथरूमच्या फरशा, व्हिडिओ डोअर फोन, लॉबीत झुंबर. प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘नामांकित कंपनीचे किंवा समतुल्य’. आणि इमारतीच्या सांगाड्याबद्दल किती? दीड ओळ. आरसीसी फ्रेम स्ट्रक्चर, संरचना अभियंत्याच्या सल्ल्यानुसार. तीन सभा आमच्या सभासदांनी फरशीच्या आकारावर भांडण्यात घालवल्या होत्या.

२०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरला दोन आठवड्यांच्या अंतराने दोन इमारतींत वरचे स्लॅब खालच्या मजल्यांवर कोसळले आणि माणसं गेली. नव्वदच्या दशकातल्या इमारती, आपल्या इमारतींच्याच वयाच्या. फरशी खराब निघाली तर दिसते, बदलता येते. स्लॅबमधली सळी एकदा काँक्रीट ओतलं की कुणालाच दिसत नाही. ठेकेदारीच्या करारांत यासाठी जुनी तरतूद असते. जे काम झाकलं जाणार आहे ते झाकण्याआधी दाखवायचं, नोटीस देऊन बोलवायचं, आणि न दाखवता झाकलंत तर सांगितल्यावर उघडून दाखवायचं. सरकारी कामावर मोजमाप वही असते, पानांना क्रमांक असतात. चुकलं तर खोडायचं नाही, एक रेघ मारायची, दुरुस्ती लिहायची आणि सही करायची, म्हणजे आधी काय लिहिलं होतं तेही वाचता यावं. आम्ही प्रोग्रॅमर आमच्या कोडचा इतिहास असाच जपतो आणि स्वतःला फार आधुनिक समजतो. साईटवरच्या त्या वह्या पाहिल्यावर माझा तो गैरसमज गेला.

तर आम्ही मागितलं ते एवढंच. प्रत्येक स्लॅबच्या आधी संस्थेने नेमलेल्या अभियंत्याला सळ्या दाखवायच्या, काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या चाचणीचे अहवाल द्यायचे. त्या अभियंत्याची फी विकासक देणार असला तरी त्याची नेमणूक संस्था करणार. रेराच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत संरचनेत किंवा कामात दोष निघाला तर विकासकाने तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. तेच वाक्य आम्ही आमच्या करारातही लिहून मागितलं. कायद्यात आहे तर पुन्हा कशाला, असं त्यांचे वकील म्हणाले. आम्ही म्हटलं, आहेच, मग लिहायला हरकत काय?

हे ‘कायद्यात आहेच’ प्रकरण जरा समजून घ्यायला हवं, कारण त्यावर आपले लोक फार विसंबतात. १९६३ चा मोफा कायदा आहे, २०१६ चा रेरा आहे. पण दोन्हींचा रोख मुख्यतः पैसे देऊन घर विकत घेणाऱ्याकडे. पुनर्विकासातला जुना सभासद काही विकत घेत नाही, तो आपलं घर देऊन घर घेतो. त्याच्यासाठी सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खाली शासनाचे निर्देश आहेत, पहिले ३ जानेवारी २००९ चे आणि सुधारित ४ जुलै २०१९ चे. चांगले आहेत, प्रत्येकाने वाचावेत, मराठीतच आहेत. सभेचं चित्रीकरण करा, करारात चटई क्षेत्र स्पष्ट लिहा, विकासकाकडून प्रकल्प खर्चाच्या वीस टक्क्यांची बँक हमी घ्या, असं बरंच काही. पण मुंबई उच्च न्यायालयाने काही निकालांत म्हटलंय की हे निर्देश मार्गदर्शक स्वरूपाचे आहेत, एखादा पाळला नाही एवढ्यानेच व्यवहार मोडत नाही. मग शेवटी हातात काय राहतं? आपण सही केलेला कागद. म्हणून जे जे निर्देशांत आहे आणि आपल्याला हवंय, ते ते करारात उतरलं पाहिजे.

चौथी जागा पैशाची. भाड्यासाठी अकरा महिन्यांचे पुढच्या तारखांचे चेक, मग पुढचे अकरा. हिशोब करून बघा. सोळा घरं, समजा महिन्याला बारा हजार, छत्तीस महिने. ६९ लाख १२ हजार. चेक म्हणजे देण्याचा शब्द, आणि विकासकाचे पैसे दुसऱ्या साईटवर अडकले की तो शब्द वटत नाही. बँक हमी म्हणजे विकासकाने नाही दिले तर बँक देईल. सरकारी खातं साधा नाला बांधायलासुद्धा ठेकेदाराकडून अनामत रक्कम घेतल्याशिवाय कामाला हात लावू देत नाही, आणि आपण अख्खी इमारत नुसत्या चेकवर देतो. आमच्याच परिसरातल्या एका संस्थेत, नाव घेत नाही, चौदाव्या महिन्यात भाडं थांबलं. जोत्यापर्यंत काम आलेलं, साईटवर कुत्री फिरतात. त्यातल्या दोन आजोबांनी भाड्याच्या घरातच डोळे मिटले. त्यांच्या करारात उशिराच्या भरपाईचा आकडाच नव्हता. आकडा नसला की भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७३ प्रमाणे प्रत्यक्ष झालेलं नुकसान पुराव्यानिशी दाखवावं लागतं. सत्तरीतल्या पेन्शनर माणसाने कोर्टात काय काय दाखवायचं? आकडा लिहिलेला असला तर कलम ७४ लागतं. त्यातही न्यायालय वाजवी तेवढंच देतं, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. पण बोलायला सुरुवात तरी त्या आकड्यापासून होते.

याच्याच पुढे जमीन गहाण ठेवण्याचं कलम होतं. विकासकाला प्रकल्पासाठी कर्ज घ्यायला मुभा, आणि तारण म्हणून ‘सदर मिळकत’. सदर मिळकत म्हणजे सगळी जमीन, आपल्या घरांसकट. एक शब्द बदलायचा होता. तारण फक्त विक्रीच्या फ्लॅटांचं, सभासदांच्या घरांवर आणि जमिनीवर बोजा नाही. हा एक शब्द बदलायला दोन महिने लागले, यावरून त्याची किंमत कळावी.

आणि करार रद्द करण्याचं कलम. खरं तर ते नव्हतंच. संस्थेला कोणत्याही परिस्थितीत करार रद्द करता येणार नाही, फक्त भरपाई मागता येईल, आणि सोबत अपरिवर्तनीय कुळमुखत्यारपत्र. फिडिकच्या करारातसुद्धा ठेकेदाराने काम सोडून दिलं, दिवाळं काढलं तर मालकाला त्याला काढता येतं. वाद झाला तर एकच लवाद, आणि तो विकासक नेमणार, असंही होतं. ज्याचा निकालात हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलंय. त्यांच्या वकिलांना ते नक्की माहीत होतं, कारण दाखवल्यावर त्यांनी पाच मिनिटांत ते काढलं.

आता बाईंबद्दल. ९४ पानं इंग्रजीतून सोळा घरांना कशी समजणार, म्हणून मी त्याचा मराठीत सारांश करायला घेतला, बावीस पानांचा. माझं मराठी किती गंजलंय ते तेव्हा कळलं. बाईंना दाखवला. त्यांनी लाल पेनाने पहिल्याच पानावर सहा ठिकाणी लिहिलं, ‘कर्ता कोण?’ मला वाटलं माझं व्याकरण चुकलं. पण मी इमानदारीने इंग्रजीचंच मराठी केलं होतं. भाडे देण्यात येईल. कर भरण्यात येतील. मलबा हलवण्यात येईल. अतिक्रमण असल्यास दूर करण्यात येईल. कुणी? मूळ इंग्रजीतही कुणी ते नव्हतं. आठवीत बाई कर्तरी, कर्मणी, भावे हे प्रयोग ओळखायला लावायच्या आणि आपण मागच्या बाकांवर फुल्ली-गोळा खेळायचो. बाईंनी मसुद्यातली अशी बिनकर्त्याची वाक्यं मोजली, ४१ निघाली. त्यातल्या सव्वीस ठिकाणी खर्चाचा प्रश्न होता. मी इतकी वर्षं करार वाचतेय, पण ही चाळणी मला सुचली नव्हती. आम्ही त्या ४१ वाक्यांची यादी विकासकाला पाठवली आणि प्रत्येकापुढे एक रिकामा रकाना ठेवला, ‘कर्ता’.

यादी परत आली तेव्हा एकवीस ठिकाणी ‘विकासक’ होतं, नऊ ठिकाणी ‘संस्था’, अकरा रकाने रिकामेच. खरी वाटाघाट तिथून सुरू झाली. त्याआधी आम्ही नुसते टक्क्यांवर बोलत होतो.

एक गोष्ट राहिली, ती खरं म्हणजे सगळ्याच्या आधी यायला हवी, पण भाषणात मला तिची भीती वाटत होती, कारण तिथे सगळे जांभया देतात. जमीन कुणाच्या नावावर आहे? सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढून बघा. मोफाच्या नियमांप्रमाणे संस्था नोंदली गेल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमिनीचं अभिहस्तांतरण करून द्यायचं असतं. आपल्याकडे तीस वर्षं झाली तरी कित्येक ठिकाणी सातबाऱ्यावर मूळ शेतकरी कुटुंबाचंच नाव आहे, आणि आता त्या कुटुंबाचे वारस वीस-बावीस. जी जमीन आपल्या नावावर नाही ती विकसनाला देणार कशी? २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. बिल्डर सही करत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. आपल्या बदलापूरकरांना त्यात आणखी एक फेरा असतो. १९८३ मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा आपण तिच्यात होतो, नंतर वेगळी नगरपालिका झाली, त्यामुळे त्या काळातल्या इमारतींचे मंजूर नकाशे शोधताना दोन्हीकडे चौकशी करावी लागते. हे काम विकासक निवडण्याच्या आधी करा. विकासक म्हणतो, ‘ते मी करून घेतो.’ करून घेतो, खरंय, पण मग जमिनीच्या कागदांची फाईल त्याच्याकडे असते.

एक चांगली बातमीही सांगते, नाहीतर म्हणाल ही नुसती घाबरवायला आली. सभासदाला नवीन घर मिळतं त्याचा जो वेगळा करार होतो त्यावर पुन्हा पूर्ण मुद्रांक शुल्क मागत असत. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते चुकीचं ठरवलं. विकसन करारावर एकदा शुल्क भरलं की सभासदाच्या जुन्या घराच्या बदल्यातल्या घरासाठी पुन्हा नाही. जास्तीची जागा विकत घेतली तर तिचं वेगळं. त्यामुळे कुणी तुमच्याकडे त्या नावाखाली मोठी रक्कम मागितली तर आधी हा निकाल दाखवा.

आमच्या संस्थेचं सध्या कुठे आलंय? मसुद्याची चौथी फेरी चालू आहे. घड्याळाचं कलम बदललं, दैवी आपत्तीच्या एकोणीस गोष्टींच्या आठ झाल्या, सळ्या दाखवण्याचं कलम आलं. बँक हमीवर अडलंय. ते म्हणतात वीस टक्के परवडत नाही, आम्ही निदान बारा महिन्यांच्या भाड्याएवढी, म्हणजे २३ लाखांची तरी मागतोय. सभासदांपैकी तिघे माझ्यावर नाराज आहेत, या मुलीमुळे उशीर होतोय म्हणून. त्यांच्या घरात पाणी गळतं, त्यांचा राग मला समजतो. पुढच्या रविवारी सभा आहे, आणि ती आमच्या गच्चीवर नाही, पाऊस आहे म्हणून बाईंच्या घरी आहे.

मी वकील नाही, हे पुन्हा सांगते. सही करण्याआधी स्वतःचा वकील लावाच, विकासकाने सुचवलेला नको. पण वकिलाकडे जाण्याआधी एकदा स्वतः वाचून बघायला मदत हवी असेल तर मी जेवणानंतर त्या खिडकीजवळच्या टेबलावर बसणार आहे. तिघांनी मसुदे आणलेत असं मला कळलंय. बाईही बसणार आहेत, त्यांनी लाल पेन आणलंय.